व्हरांड्यातले आठशे तास



गेल्या वर्षी जूनमध्ये शाळा उघडल्या त्या आठवड्यात आमच्या तालुक्यातल्या एका प्राथमिक शाळेत गेले होते. काम वेगळंच होतं, किशोरी गटाच्या बैठकीसाठी वर्गखोली मागायची होती. व्हरांड्यात एक बाई भिंतीला टेकून बसली होती. मांडीवर अर्धवट शिवलेली गोधडी. मला वाटलं, पोषण आहार शिजवणाऱ्या ताईंपैकी कुणी असेल. अडीच-तीन तासांनी मी निघाले तेव्हाही ती तिथंच. टाके तेवढे पुढे सरकले होते. शेजारी बसून विचारलं तर म्हणाली, "पोरगी तिसरीला हाय माझी. बाथरूमला न्यावं लागतं, डबा भरवावा लागतो. मॅडम म्हणल्या, तुम्ही थांबत असाल तर पाठवा." पहिलीपासून थांबते आहे. त्याआधी ती खुरपणीला, कांदा काढणीला जायची. आता फक्त उन्हाळ्याच्या सुट्टीत जाते.

शिक्षण हक्क कायद्यानुसार पहिली ते पाचवीच्या शाळा वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास चालल्या पाहिजेत. म्हणजे या बाईचे वर्षाकाठी ८०० तास शाळेला जातात, तेही बिनपगारी. दुसऱ्या बाजूला २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणात प्रत्येक शिक्षकाने दरवर्षी किमान ५० तासांचं प्रशिक्षण घ्यावं असं म्हटलं आहे. 'सातत्यपूर्ण व्यावसायिक विकास' हे त्याचं भारदस्त नाव. हे ५० तास सगळ्या विषयांचे मिळून. गणित, भाषा, मूल्यमापन, नवीन अ‍ॅप, सगळं त्यातच. विशेष गरजा असलेल्या मुलांच्या वाट्याला त्यातून एखादी दुपार आली तर आली. वर्गातल्या बाईंचे ५० तास नीट कारणी लागले असते तर व्हरांड्यातल्या बाईचे ८०० तास वाचले असते, हे त्या दिवशी एस.टी.त बसल्यावर डोक्यात आलं आणि तेव्हापासून ते डोक्यातून गेलेलं नाही.

शिक्षकांचं प्रशिक्षण हा शिक्षण खात्याचा विषय, त्याचं आपल्या अंकात काय काम, असं अंकाच्या बैठकीत एकदोघींनी विचारलं. रास्त प्रश्न आहे. माझं उत्तर एवढंच की आमच्या पालक बैठकांचं हजेरी पुस्तक उघडून पाहा. चार वर्षांच्या सह्यांमध्ये बापांच्या सह्या बोटांवर मोजता येतील. बाप येतो तो दाखल्याच्या दिवशी, कारण जिल्हा रुग्णालयापर्यंत गाडी करावी लागते आणि पैसे त्याच्या खिशात असतात. सगळेच बाप तसे नसतात. मुलाला खांद्यावर घेऊन दोन मैल चालत येणारा एक बाप मी रोज पाहते. पण शाळेतून फोन येतो तो आईला. "आज फार त्रास देतोय, घेऊन जा." आई नसेल तर मोठ्या बहिणीला वर्गातून उठवतात. आमच्याकडे पाचवीतली एक मुलगी अर्धा दिवस दुसरीच्या वर्गात भावाशेजारी बसते. तिची पटावर हजेरी लागते, म्हणून ती कुठल्याही गळतीच्या आकड्यात येत नाही. शाळेला जे येत नाही त्याची किंमत कुणीतरी मोजतंच. ती कोण मोजतं हे पाहिलं की हा आपला विषय आहे की नाही याचं उत्तर मिळतं.

खरं तर महाराष्ट्रातल्या विशेष शिक्षणाचा एक मोठा भाग आयांनीच उभा केला आहे. मुंबईच्या मिठू अलूर यांची मुलगी मालिनी सेरेब्रल पाल्सी घेऊन जन्मली. तिला शिकवणारी शाळा इथे नव्हती. आईने इंग्लंडला जाऊन विशेष शिक्षणाचं प्रशिक्षण घेतलं आणि १९७२ मध्ये स्पॅस्टिक्स सोसायटी ऑफ इंडिया सुरू केली. मालिनी चिब पुढे लंडनमध्ये उच्च शिक्षण घेऊन लेखिका झाल्या. ही गोष्ट आम्हाला समाजकार्याच्या वर्गात प्रेरणा म्हणून सांगितली जायची, आणि ती आहेच. पण आता ती आठवली की मला वाटतं, एका मुलीला शिकता यावं म्हणून एका आईला आधी परदेशात जाऊन शिकावं लागलं, यात आईचं कौतुक जितकं आहे तितकीच व्यवस्थेची नाचक्की आहे. व्हरांड्यातल्या बाईला लंडन नाही. तिला गोधडी आहे.

कायद्यात आता फारशी उणीव नाही. सर्वसाधारण शाळेत अपंग मुलांना शिकवण्याची केंद्राची पहिली योजना १९७४ ची. १९९५ च्या कायद्यात सात प्रकारचं अपंगत्व होतं, २०१६ च्या कायद्याने ते २१ प्रकारांवर नेलं. त्यात स्वमग्नता आली, अध्ययन अक्षमता आली, सिकलसेलही आला. त्याच कायद्याच्या १७ व्या कलमात शिक्षकांना आणि शाळेतल्या इतर कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण देणं ही सरकारची जबाबदारी म्हणून लिहिली आहे. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात सुमारे २९ लाख ६३ हजार अपंग व्यक्ती मोजल्या गेल्या, त्याही आठच प्रकार धरून. (सरकारी कागदावर आता 'दिव्यांग' म्हणतात. आमच्या बैठकीतल्या एका आजीने विचारलं होतं, "दिव्य ते काय, आन् मग संडासाला उतार का नाही?" मला तिला उत्तर देता आलं नाही.)

तर प्रशिक्षण. २०१९ मध्ये केंद्र सरकारने 'निष्ठा' नावाचं मोठं प्रशिक्षण सुरू केलं, प्राथमिक स्तरावरच्या सुमारे ४२ लाख शिक्षकांसाठी. कोविडच्या वर्षी ते 'दीक्षा' या संकेतस्थळावर गेलं. समावेशक शिक्षणाचा पाठ त्यात होता आणि तो वाईट नव्हता. पण एका शिक्षिकेने मला हसत हसत सांगितलं, "व्हिडिओ लावून ठेवायचे आणि भाकऱ्या थापायच्या. शेवटी प्रश्न यायचे, त्यांची उत्तरं ग्रुपवर आलेली असायची." मी तिला हसले नाही. दिवसभर शाळा, संध्याकाळी ऑनलाइन माहिती भरणं, घरी सासू-सासरे आणि दोन मुलं, अशा बाईच्या दिवसात प्रशिक्षणाचे तास कुठून काढायचे याचा विचार ते आखणाऱ्यांनी केलेलाच नव्हता.

समोरासमोरच्या प्रशिक्षणाचाही अनुभव आहे. एका पंचायत समितीच्या सभागृहात मला 'तज्ज्ञ' म्हणून बोलावलं होतं. सव्वाशे शिक्षक, एक माईक, पडद्यावर अपंगत्वाच्या २१ प्रकारांची यादी. आधीच्या वक्त्यांनी ती पहिल्यापासून एकविसाव्यापर्यंत वाचून दाखवली. मागच्या रांगेतून एक तरुण शिक्षिका उठली. "सर, माझ्या वर्गात एक मुलगा आहे, तो चिडला की बाकावर डोकं आपटतो. तेव्हा मी नेमकं काय करायचं?" सरांनी सांगितलं, प्रश्न शेवटी घेऊ. शेवटी जेवणाची वेळ झाली. माझ्या वाट्याला वीस मिनिटं आली, त्यात मीसुद्धा कायदाच सांगितला. ती बाई मला जिन्यात भेटली तेव्हा मला तिच्याकडे बघवेना. मी एम.एस.डब्ल्यू. आहे, विशेष शिक्षिका नाही. तिच्या प्रश्नाचं उत्तर मलाही तेव्हा येत नव्हतं. ते मी नंतर शिकले. आपटण्याच्या आधी काय घडतं ते आठवडाभर वहीत टिपायचं, तास संपल्याची घंटा, गोंगाट, अचानक बदललेलं काम, भूक. कारण सापडलं की आधीच सावध करायचं, चित्रांचं वेळापत्रक भिंतीवर लावायचं, आणि त्या क्षणी ओरडायचं नाही, बाकाची कड आणि डोकं यांच्यामध्ये काहीतरी मऊ ठेवायचं. हे सांगायला दहा मिनिटं लागतात. पण करताना कुणीतरी सोबत लागतं.

सोबत म्हणजे काय हे मी त्या व्हरांड्याच्या शाळेतच पाहिलं. दिवाळीनंतर तिथे एक फिरत्या विशेष शिक्षिका दर गुरुवारी येऊ लागल्या. त्यांनी भाषण केलं नाही, त्या मागे बसल्या. पहिल्या दिवशी मॅडमना एवढंच म्हणाल्या, "तुम्ही फळ्याकडे तोंड करून बोलता तेव्हा त्या कोपऱ्यातल्या मुलाला तुमचे ओठ दिसत नाहीत." त्या मुलाला कमी ऐकू येतं हे मॅडमना माहीत होतं. आपल्या उभं राहण्याचा त्याच्याशी संबंध आहे हे माहीत नव्हतं. श्रवणयंत्राची बॅटरी संपली की यंत्र कानात असूनही उपयोग नसतो, म्हणून रोज सकाळी ते चालू आहे का बघायचं, हेही त्या दिवशी ठरलं. चौथीतल्या एका मुलाला सगळे 'ढ' म्हणायचे. तो 'घ' आणि 'ध', 'भ' आणि 'म' यांत गोंधळायचा, जोडाक्षर आलं की वाचन थांबायचं, पण तोंडी गणितं सगळ्यांच्या आधी सुटायची. त्याच्या वहीतल्या चुका विशेष शिक्षिकांनी मॅडमसोबत बसून एकेक करून पाहिल्या. मॅडम नंतर मला म्हणाल्या, "आठ वर्षं मी या चुकांना लाल रेघ मारत होते, वाचत नव्हते." त्या मुलाला अध्ययन अक्षमता आहे की नाही हे तपासणीत कळेल, पण फळ्यावरून उतरवून घेण्याऐवजी तोंडी उत्तर घ्यायला दाखल्याची वाट कशाला पाहायची?

आणि व्हरांड्यातल्या बाईची मुलगी. बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलांना शिकवताना एका कामाचे बारीक टप्पे पाडतात आणि पुष्कळदा शेवटचा टप्पा आधी शिकवतात. चड्डी गुडघ्यापर्यंत आपण वर घ्यायची, शेवटचा ओढा तिने द्यायचा. म्हणजे रोज काम तिच्या हाताने पूर्ण होतं आणि शाबासकी तिला मिळते. मग हळूहळू मागे जायचं. विशेष शिक्षिकांनी हे आधी मॅडमना आणि मग आईला करून दाखवलं. ठरलेल्या वेळा, दाराला लावलेली चित्रं, घरी आणि शाळेत एकच शब्द. होळीच्या सुमारास पोरगी मैत्रिणीचा हात धरून स्वतः जायला लागली. आई आता मधल्या सुट्टीपर्यंतच थांबते. भरवण्याचं अजून जमलेलं नाही. अर्धा दिवस मजुरीला कुणी घेत नाही, त्यामुळे पैशाच्या हिशोबात तिला अजून काहीच मिळालेलं नाही, हेही लिहायला हवं.

याच शाळेतल्या मॅडमबद्दल मी आधी मनात बराच राग धरून होते. "तुम्ही थांबत असाल तर पाठवा" हे वाक्य मला उद्दाम वाटलं होतं. पुढे त्यांच्याशी बोलल्यावर कळलं, दोन शिक्षकी शाळा, चार वर्ग, दुसरे सर आठवड्यातून एखाददोन दिवस कुठल्या ना कुठल्या सरकारी कामावर. एका मुलीला बाथरूमला नेलं तर साठ मुलं उघड्यावर. "माझ्या डी.एड.मध्ये यातलं काही नव्हतं, ताई. एकदा एका मुलाला फिट आली. मुलांनी कांदा आणला, चप्पल आणली. मीही त्याचे दात उघडायला गेले." फिट आलेल्या मुलाच्या तोंडात काहीही घालायचं नाही, दाबून धरायचं नाही, आजूबाजूच्या वस्तू बाजूला करून त्याला कुशीवर वळवायचं, वेळ पाहायची आणि पाच मिनिटांच्या वर गेलं तर दवाखाना गाठायचा. हे तिला कुणी सांगितलं नव्हतं. २०१४ च्या नियमांनंतर दोन वर्षांच्या बी.एड.मध्ये समावेशक शाळेवर एक छोटा अभ्यासक्रम आला. त्याआधी नोकरीला लागलेल्या पिढीचं काय? बाईला दोष देऊन मोकळं होणं सोपं आहे. दुसऱ्या बाईला दोष देणं तर नेहमीच सोपं असतं.

विशेष शिक्षिकांची गोष्ट याहून कडू. वर्षानुवर्षं कंत्राटावर, दरवर्षी नव्याने आदेश, पगार उशिरा, प्रवासखर्च स्वतःच्या पर्समधून. २८ ऑक्टोबर २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे यांच्या प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा मुलांमागे एक आणि त्यापुढे पंधरा मुलांमागे एक विशेष शिक्षक हे प्रमाण मान्य केलं, आणि इतर शिक्षकांना व कर्मचाऱ्यांनाही सक्तीचं प्रशिक्षण द्या असं सांगितलं. मार्च २०२५ मध्ये त्याच न्यायालयाला राज्यांना पुन्हा विचारावं लागलं की पदं जाहीर कधी करता. आपल्या राज्याने २०२४ मध्ये केंद्र पातळीवर विशेष शिक्षकांची पदं निर्माण करून कंत्राटी शिक्षकांना त्यात सामावून घेण्याचा निर्णय घेतला. त्यामागे या शिक्षकांची लांबलचक लढाई आहे आणि तिचं अभिनंदन केलं पाहिजे. पण एका केंद्रात अनेक शाळा येतात. त्या सगळ्यांना मिळून एक बाई.

आता जे लिहायचं आहे ते आपल्याबद्दल आहे.

फेब्रुवारी १९९४ मध्ये शिरूरच्या शासकीय वसतिगृहातल्या मतिमंद (तेव्हाचा शब्द) मुलींची गर्भाशयं पुण्याच्या ससून रुग्णालयात शस्त्रक्रिया करून काढून टाकण्यात आली. मी तेव्हा बालवाडीत होते. हे मला पुढे ज्येष्ठ मैत्रिणींनी सांगितलं, आणि त्या आवाज उठवायला उतरल्या होत्या म्हणून पुढच्या शस्त्रक्रिया थांबल्या, हेही. कारण काय दिलं गेलं होतं? या मुलींना पाळीच्या वेळी स्वच्छता ठेवता येत नाही. म्हणजे शिकवलं तर येतं का, शिकवायला माणसं आहेत का, त्या माणसांना कसं शिकवायचं हे कुणी शिकवलं आहे का, हे प्रश्न शस्त्राने सोडवले गेले. आपल्या चळवळीने शरीरावरच्या हक्काचा मुद्दा ठामपणे मांडला. तो बरोबरच होता. पण शिकवणार कोण, हा दुसरा मुद्दा आपण शिक्षण खात्यावर आणि विशेष शाळांवर सोडून दिला, असं मला वाटतं. ज्येष्ठ मैत्रिणींना हे पटणार नाही कदाचित. त्यांनी लिहावं.

कारण शस्त्रक्रिया थांबल्या तरी तो प्रश्न संपलेला नाही, तो घराघरांत गेला आहे. सहावी-सातवीत मुलीला पाळी येते आणि शाळेतून निरोप येतो, "आता तुम्हीच बघा." मग तिचं नाव 'गृहाधारित शिक्षणा'च्या यादीत जातं. तीव्र आणि बहुविकलांग मुलांना घरी शिकण्याचा पर्याय २०१२ च्या दुरुस्तीने दिला तो त्यांच्या सोयीसाठी, शाळेच्या सुटकेसाठी नव्हे. घरी शिक्षण म्हणजे काय, तर आई. मुलग्यांना असा निरोप क्वचित येतो. याच मुलींवर घराशेजारी अत्याचार होतात तेव्हा नेमकं काय झालं हे सांगायला त्यांच्याकडे शब्द नसतात, कारण शरीराच्या अवयवांची नावं त्यांना कुणी शिकवलेली नसतात. पाळी येण्याच्या कितीतरी आधी बाहुली, रंगवलेलं कॅलेंडर, टप्प्यांची चित्रं घेऊन घडी लावण्यापासून धुण्यापर्यंतचा सराव देता येतो; कुणी हात लावला तर 'नको' म्हणण्याचा आणि सांगण्याचा सरावही देता येतो. आमच्या विशेष शिक्षिका हे करतात. वर्गातल्या मॅडमना ते कुणी दाखवलेलं नाही, आणि पुरुष शिक्षकांनी तर त्या प्रशिक्षणाला यायलाच नकार दिला, "हा बायकांचा विषय" म्हणून.

समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलींसाठी महिन्याला २०० रुपये प्रोत्साहन भत्ता आहे, वर्षातले दहा महिने. आमच्याकडे एका दिवसाच्या खुरपणीला त्याहून जास्त मिळतात. भत्ता वाढवा अशी मागणी आपण करतो, करायलाही हवी. पण त्या आईला भत्ता नको आहे. तिने मला स्पष्ट सांगितलं, "पैशाचं नंतर बघू. माझ्याबिगर पोरगी शाळेत राहिली पाहिजे."

शाळा व्यवस्थापन समितीत तीन चतुर्थांश पालक असतात आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्या लागतात. आपल्या बचत गटांतल्या, महिला मंडळांतल्या कितीतरी जणी या समित्यांवर आहेत आणि फक्त सहीपुरत्या जातात. पुढच्या बैठकीत त्यांनी विचारावं. आपल्या केंद्राच्या विशेष शिक्षिका कोण, कुठल्या वारी येतात, आल्या तेव्हा वर्गात बसल्या की कार्यालयात? शिक्षकांचे गेल्या वर्षीचे ५० तास कशावर खर्च झाले? प्रशिक्षणानंतर महिन्याभराने कुणी येऊन पाहिलं का? मॅडम प्रशिक्षणाला गेल्या तर वर्ग कुणी सांभाळला? हे प्रश्न शिक्षिकेला कोंडीत पकडण्यासाठी नाहीत. तिच्या बाजूने वर विचारण्यासाठी आहेत, आणि शक्यतो तिला सोबत घेऊनच विचारावेत. काही ठिकाणी ती आपल्याला टाळेल. आमच्याकडेही टाळलं होतं.

आणि एक काम. येत्या तीन महिन्यांत आपापल्या गावातल्या, वस्तीतल्या शाळांमध्ये एक चक्कर मारा, शाळा भरलेली असताना. व्हरांड्यात, झाडाखाली, फाटकाशी किती आया बसल्या आहेत, किती बहिणी भावंडांच्या वर्गात आहेत ते मोजा. किती वर्षं बसताहेत, आधी काय काम करत होत्या, हे त्यांना विचारा. मुलांची आणि शाळांची नावं लिहू नका. पोस्टकार्ड चालेल, गटाच्या बैठकीचं इतिवृत्त चालेल, फोनवर बोलून पाठवलंत तरी आम्ही उतरवून घेऊ. हा आकडा कुठल्याही खात्याकडे नाही. पुढच्या अंकात तो जिल्हावार छापायचा विचार आहे. आमच्या तालुक्यातल्या अकरा शाळांतून आतापर्यंत सात आया आणि तीन बहिणी सापडल्या आहेत. नऊ शाळा अजून बघायच्या राहिल्या आहेत.